मदत हवी आहे: मोबाईलच्या नेटवरून एसएसएच (दूरच्या सर्वरवर सुरक्षित लॉगिन) करतो, आयपी (नेटवरचा आपला पत्ता) सारखा बदलतो, काय करावं?

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या गावातून लिहितोय. आमच्याकडच्या शेतकरी कंपनीची वेबसाईट मी सांभाळतो, कापूस, तूर, सोयाबीनचे भाव रोज टाकावे लागतात, अन् सभासदांचे फोन नंबर, बँक खाते सगळं त्याच डेटाबेसमध्ये हाय, म्हणून सुरक्षेत ढिलाई नाही चालत.

सर्वर मॅनेज्ड हाय, म्हणजे रूट (सर्वरचे सगळे अधिकार) आपल्याले नाही, फायरवॉल (कोणाले आत घ्यायचं ते ठरवणारी भिंत) होस्टिंगवाल्यांच्या हाती. पासवर्डनं लॉगिन बंदच. एसएसएच-कीजेननं ईडी२५५१९ प्रकारची की (पासवर्डऐवजीची डिजिटल किल्ली) बनवली, तिले पासफ्रेज (किल्लीचा पासवर्ड) दिली, तिचा पब्लिक भाग होस्टिंगच्या पॅनलमध्ये टाकला, प्रायव्हेट लॅपटॉपवरच ठेवला. पहिल्यांदा जोडताना सर्वरचा जो फिंगरप्रिंट (ओळखीचा कोड) आला तो पॅनलवरच्या फिंगरप्रिंटशी अक्षर न् अक्षर जुळवला, मगच येस टाईप केलं. इथपर्यंत बराबर.

अडचण अशी का गावात फायबर नाही, हॉटस्पॉटवरच सगळं, अन् मोबाईल कंपनी एकाच पब्लिक आयपीमागं कितीतरी गिऱ्हाईकं बसवते. टॉवरची लाईन गेली, फोन बंद-चालू केला का आयपी दुसराच! होस्टिंगवाले पोर्ट २२ (एसएसएचचा दरवाजा) फक्त एका ठरलेल्या आयपीले उघडून देतात, तो बदलला का ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. की बरोबर हाय हे पक्कं, काहून का की चुकली असती तर ‘परमिशन डिनाइड’ आलं असतं, इथं तर फायरवॉलच्या आतच जाऊ देत नाही. सपोर्टवाले म्हणे सगळ्या आयपींले उघडं करू का. मी नाही म्हटलं. उघडं पोर्ट दिसलं का बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) दिवसरात्र लॉगिन मारत बसतात, अन् आत लोकांचे खाते नंबर हायेत.

आता दोन मार्ग दिसतात. एक, फिक्स आयपीचा लहान व्हीपीएस (भाड्याचा छोटा सर्वर) मधात ठेवून एसएसएचच्या कॉन्फिग फाईलमध्ये प्रॉक्सीजम्प (मधल्या मशीनवरून पुढं जोडणी) लिहायचं, यात प्रायव्हेट की लॅपटॉपवरच राहते, मधल्या मशीनवर कॉपी करावी लागत नाही, एजंट फॉरवर्डिंगही (मधल्या मशीनले आपली की वापरू देणं) नको. दुसरा, त्याच व्हीपीएसवर वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे सुरक्षित बोगदा) टाकून सगळं त्यातून न्यायचं, आपला आयपी बदलला तरी बोगदा टिकतो म्हणून चालू सेशनही तुटत नाही, पण मग त्या व्हीपीएसची देखभाल माझ्याच गळ्यात, अन् तो उघडा पडला तर? मॉश (आयपी बदलला तरी टिकणारं एसएसएचसारखं साधन) जमणार नाही, त्याले लागणारे यूडीपी पोर्ट होस्टिंगवाले उघडत नाहीत.

माझा कल वायरगार्डकडे हाय, बॅकअप घेताना मधातच नेट गेलं का लई ताप होतो. सर्वरवर टीमक्स (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारं साधन) हाय, तर प्रॉक्सीजम्प अन् टीमक्स एवढ्यानं भागेल का? मोबाईल नेटवर कोणी हे खरंच चालवत असेल तर सांगा भाऊ, सर्वरअलाइव्हइंटरव्हल (जोडणी जिवंत हाय का ते किती सेकंदांनी तपासायचं) किती ठेवलंय तेही लिहा.