जिन्याखालच्या कोठीत १२ व्होल्टचे पंखे: घरच्या विजेवर कसे चालवायचे?

बंद_कोठी:
जिन्याखाली बिनखिडकीची कोठी आहे. आत राउटर, इन्व्हर्टर आणि त्याची पाण्याची बॅटरी. दार बंद असलं की आत भट्टी होते. जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेले चार पंखे पडून आहेत, सगळे १२० मिमीचे. तिघांवर 'डीसी १२ व्होल्ट, ०.२५ अँपिअर' लिहिलंय. चौथ्यावर ०.४० आहे आणि त्याला चार वायरी आहेत.

खणात सापडलेल्या वस्तू: १२ व्होल्ट २ अँपिअरचा हलका अडॅप्टर, १२ व्होल्ट १ अँपिअरचा जुना जडशीळ अडॅप्टर आणि छतातल्या एलईडी दिव्याचा ड्रायव्हर (त्यावर २४-४० व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर असं आहे). यातलं काय चालेल? की सरळ इन्व्हर्टरच्या बॅटरीवरूनच वायर ओढू?

झटपट:
अडॅप्टर कशाला? २३० व्होल्टच्या लाइनला सिरीजमध्ये एक कपॅसिटर, पुढे ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे चार डायोड). काडेपेटीएवढ्या जागेत काम होतं.

पॅनलवाले_काका:
झटपट, असलं काही लोकांना सांगू नका हो. त्या सर्किटमध्ये मेन्सपासून आयसोलेशन नसतं, म्हणजे पंख्याच्या वायरी थेट घरच्या लाइनला जोडलेल्याच राहतात. पंख्याच्या वायरीत १२ व्होल्ट दिसले तरी जमिनीवर उभं राहून तीच वायर धरली तर झटका २३० चाच. सीलबंद डब्यातल्या छोट्या दिव्यात ते खपतं. इथे पंख्याच्या उघड्या वायरींना हात लागणार, शेजारी बॅटरीचं ॲसिड. शिवाय एक अँपिअर काढायचा तर कपॅसिटर काडेपेटीत मावणारही नाही.

आता कोठीवाले, तुमचं. २ अँपिअरवाला हलका अडॅप्टर घ्या आणि बाकीचे दोन्ही परत खणात टाका. व्होल्ट जुळलेच पाहिजेत, अँपिअर मात्र जास्त असले तरी बिघडत नाही. पंखा स्वतःला लागेल तेवढाच करंट ओढतो. तुमची बेरीज: ०.२५ चे तीन म्हणजे ०.७५, अधिक ०.४०, एकूण १.१५ अँपिअर. म्हणजे चौदा वॅटच्या आत. सुरू होताना पंखे क्षणभर जास्त ओढतात, त्यालाही २ अँपिअर पुरतात.

एलईडी ड्रायव्हर बाद, कारण तो करंट कायम ठेवून व्होल्टेज वरखाली करतो, आणि पंख्याला नेमकं उलट हवं असतं. जडशीळ अडॅप्टरचं मीटर लावून व्होल्टेज बघा आणि इथे लिहा, मग बोलू.

जोडणी पॅरललच. सगळ्या लाल एकत्र प्लसला, सगळ्या काळ्या मायनसला. सिरीजच्या फंदात पडू नका. या पंख्यांच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स असतं, व्होल्टेज सारखं वाटलं जात नाही. चार वायरींच्या पंख्यात पिवळी वायर वेग कळवायला आणि निळी वेग बदलायला असते (रंग कंपनीप्रमाणे बदलतात). त्या दोन्ही मोकळ्या सोडा, पण टोकं वेगवेगळी स्लीव्ह घालून झाका. निळी मोकळी असली की पंखा पूर्ण वेगाने फिरतो. अडॅप्टरची पिन कापण्याआधी प्लस कोणता ते मीटरने बघा, वायरवरच्या पांढऱ्या रेघेवर विसंबू नका. उलटं जोडलं तर नशीब असेल तर पंखा नुसता गप्प बसतो.

बंद_कोठी:
काका, मोजलं. जडशीळ अडॅप्टर १६.८ व्होल्ट दाखवतोय! बिघडलाय का? हलका बरोबर १२.१ देतोय.

पॅनलवाले_काका:
नाही, ठणठणीत आहे. त्यात ट्रान्सफॉर्मर, डायोड, कपॅसिटर एवढंच असतं, रेग्युलेशन (व्होल्टेज एकसारखं धरून ठेवणारं सर्किट) नाही. १२ व्होल्ट एसीचं शिखर १७ च्या आसपास जातं आणि कपॅसिटर त्या शिखरापर्यंत भरतो. पूर्ण १ अँपिअर ओढला की तो १२ वर उतरतो. एकच पंखा लावलात तर बिचारा १५ च्या पुढे खात राहील, आणि चारही लावलेत तर अडॅप्टर तापेल.

बॅटरीवरून वायर ओढायचा मोह मलाही कळतो, पण चार्जिंगच्या वेळी तिथे १४.४ व्होल्टपर्यंत जातं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वायर शॉर्ट झाली तर अशी बॅटरी शेकडो अँपिअर सोडते, वायर जळायला क्षण पुरतो. टर्मिनलपाशीच फ्यूज घातल्याशिवाय त्या वाटेला जायचं नाही. तुमच्याकडे चांगला अडॅप्टर आहे, तो वापरा.

वारा_वाहे:
विजेचं झालं. पण हवा आत कुठून येणार? चारही पंखे बाहेर फेकायला लावले आणि दार घट्ट असलं तर नुसती घरघर ऐकू येईल. या पंख्यांना दाब जवळजवळ नसतोच, बारीक जाळी किंवा लांब नळी लावली की मेले. दाराच्या खालच्या भागात मोठी झडप ठेवा, पंखे वर. चार लागणारही नाहीत, दोनांवर सुरू करा.

पॅनलवाले_काका:
वारा_वाहे म्हणतात ते खरं, आणि त्याला आणखी एक कारण आहे. चार्ज होताना पाण्याची बॅटरी हायड्रोजन सोडते आणि तो वर जाऊन छताशी साचतो. म्हणून बाहेर जाणारी वाट अगदी वरच हवी. कॉम्प्युटरचे पंखे ब्रशलेस असतात, त्यांच्यात ब्रशच्या ठिणग्या उडत नाहीत, तुमच्या पथ्यावर पडलं. पण सॉकेट, खटका आणि अडॅप्टर कोठीबाहेर ठेवा. आत फक्त १२ व्होल्टच्या वायरी जाऊ द्या, सांधे सोल्डर करून आणि स्लीव्ह चढवून.

बंद_कोठी:
समजलं. रात्री आवाज नको म्हणून अडॅप्टरच्या आधी छताच्या पंख्याचा रेग्युलेटर लावला तर?

पॅनलवाले_काका:
नको. तो रेग्युलेटर एसीची लाट कापतो किंवा व्होल्टेज पाडतो. तुमचा अडॅप्टर एकतर तरीही १२ च देत राहील, नाहीतर धडपडून मरेल. त्याऐवजी ९ व्होल्टचा अडॅप्टर लावा, वेग साधारण तीनचतुर्थांशावर येतो आणि आवाज बराच पडतो. बंद करून पुन्हा चालू केल्यावर प्रत्येक पंखा आपणहून फिरायला लागतो का तेवढं बघा. ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर पुष्कळ पंखे हलतच नाहीत.