‘ऑरेंजरी’ला मराठीत काय म्हणावं?

एका इंग्रजी कादंबरीच्या अनुवादाचं मुद्रितशोधन करते आहे. डिसेंबरातली रात्र, बाहेर बर्फ, मोठ्या हवेलीत मेजवानी, आणि वाक्य येतं: ‘जेवण आटोपल्यावर मंडळी संत्र्याच्या बागेत जाऊन बसली.’ माझं पेन तिथेच अडलं. मूळ शब्द ऑरेंजरी. ती बाग नसून इमारत असते एवढं मला ठाऊक आहे, पण मग लिहू काय? हरितगृह? काचघर? की सरळ ऑरेंजरीच ठेवू?

प्रतिसाद १

ताई, बाग तर नव्हेच. फ्रेंचमध्ये हे दोन निराळे शब्द आहेत: ‘ओरांज्रे’ म्हणजे नारिंगांची बाग आणि ‘ओरांज्री’ म्हणजे ती झाडं हिवाळ्यात ठेवायची इमारत. इंग्रजीने उचलला तो दुसरा.

व्हर्सायची ओरांज्री पाहिली की शब्दाचा अर्थ पक्का कळतो. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यासाठी वास्तुविशारद आर्दुअँ-मान्सारने ती १६८४ ते १६८६ या काळात बांधली. राजवाड्याच्या दक्षिणेकडच्या बागेखालीच दीडशे मीटरांहून लांब कमानदार दालन आहे. भिंती भक्कम जाड, दारं-खिडक्या दक्षिणेला, म्हणजे हिवाळ्यातलं तिरपं ऊन थेट आत येतं. कडाक्याच्या थंडीतही आत पाणी गोठत नाही. झाडं हजारावर, सगळी लाकडी पेट्यांत. पेटीच्या बाजू उघडता येतात, त्यामुळे झाड न उपटता मुळं बघता येतात. मे महिन्यात पेट्या बाहेरच्या अंगणात मांडायच्या, ऑक्टोबरात पुन्हा आत न्यायच्या. आजही हे चालू आहे. ही ने-आण हाच ऑरेंजरीचा प्राण.

म्हणूनच ‘काचघर’ मला पटत नाही. जुन्या ऑरेंजऱ्या दगडविटांच्या, वर पक्कं छप्पर. काच फक्त उंच खिडक्यांना. लंडनच्या क्यू बागेतली १७६१ ची ऑरेंजरी विल्यम चेंबर्सने बांधली. दिसायला देखणी, पण आत उजेड इतका कमी की झाडं धड जगेनात. आता तिथे उपाहारगृह आहे. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला, मग लोखंड आणि काचेच्या छपरांचे दिवस आले. ‘हरितगृह’ हा शब्द त्या नंतरच्या वास्तूंना शोभतो.

आणि तुमच्या कादंबरीतली मंडळी तिथे जाऊन बसली यात नवल नाही. केन्सिंग्टन राजवाड्याची ऑरेंजरी १७०४-०५ मधली. राणी ॲन तिथे मेजवान्याही देत असे.

‘संत्रं’ मात्र नक्की काढा. संत्रं म्हटलं की आपल्याला नागपूरच दिसतं. व्हर्सायच्या पेट्यांतली पुष्कळ झाडं कडू नारिंगाची. शिवाय ‘ऑरेंज’चं मूळ आपल्याच ‘नारंग’मध्ये आहे. संस्कृतातून फारसी, अरबी असा प्रवास करत शब्द युरोपात पोचला, वाटेत पहिला ‘न’ गळला. स्पॅनिशमध्ये तो ‘नारांहा’त अजून शाबूत आहे. तेव्हा घराचं नावही ‘नारिंग’वरूनच हवं. माझी सूचना: नारिंगशाळा.

प्रतिसाद २

‘शाळा’ म्हटलं की वाचकाला बाकं आणि फळा दिसेल. हत्तींचा पीलखाना, उंटांचा उष्टरखाना, मौल्यवान चीजवस्तूंचा जामदारखाना हे शब्द आपल्याकडे होतेच की. राजाच्या पदरी हत्ती तशी ही झाडं: थाट दाखवायला बाळगायची, त्यांना माणसं नेमायची, निवारा द्यायचा. ‘नारिंगखाना’ म्हटलं तर सरंजामी ऐट आपसूक येते.

प्रतिसाद १

ऐट येते, कबूल. पण ‘खाना’ने वास्तू दौलताबादेची वाटेल, इंग्लंडची नाही. आणि गोशाळा, धर्मशाळा, यज्ञशाळा म्हणताना फळा कुणाला दिसतो? शाळा म्हणजे मुळात घर, दालन. गोशाळेत गाई बांधतात तशी नारिंगशाळेत झाडं मुक्कामाला येतात.

प्रतिसाद ३

मी जर्मनीत राहते. ऑक्टोबर उजाडला की गॅलरीतली कढीलिंबाची कुंडी उचलून जिन्याच्या खिडकीपाशी आणते. ती खिडकी दक्षिणेची, जिना थंड पण गोठत नाही. पहिल्या वर्षी उबदार स्वयंपाकघरात ठेवली होती, तर पानं पिवळी पडून देठासकट गळली. ऊब बेताची आणि ऊन भरपूर, हे इथे शेजारच्या आजींनी शिकवलं. पुढे कळलं की कढीलिंब आणि नारिंग एकाच कुळातले! तेव्हापासून तो जिना माझ्या लेखी ऑरेंजरीच आहे. ‘नारिंगशाळा’ला माझं मत. झाडांना मायेने आत घेणं त्यात आहे.

एक सांगायचं राहिलं. ब्रिटनमध्ये आज घरांच्या जाहिरातींत ऑरेंजरी म्हणजे विटांचे खांब आणि छताला मधोमध काच असलेली वाढीव बैठकीची खोली. तिथे ना नारिंग, ना पेट्या. त्या अर्थाला नारिंगशाळा लावू नका.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या उल्लेखात असं केलंय: ‘जेवण आटोपल्यावर मंडळी नारिंगशाळेत जाऊन बसली. हिवाळ्यासाठी आत आणलेली झाडं भिंतीशी ओळीने उभी होती.’ दुसरं वाक्य मुळात नाही. अनुवादकाला विचारलं, त्यांनी आनंदाने होकार दिला. पॅरिसचं ओरांज्री संग्रहालय पुढे येतं, ते विशेषनाम म्हणून तसंच ठेवते.

आता नवव्या प्रकरणात पात्रं फ्लॉरेन्सला जातात आणि तिथे येतो ‘लिमोनाया’, म्हणजे लिंबांच्या कुंड्या ठेवायचं असंच घर. लिंबूशाळा कानाला कशी वाटते?