मानेतली व्हेगस नसेची (मज्जातंतूची) गाठ: नसेसकट काढायची की सोलून?

प्रश्न (जनरल प्रॅक्टिस, बीड जिल्हा)
वय ३८, शेतकरी. मानेत डावीकडे ४ सेंमीची गाठ, दोन वर्षांत सावकाश वाढलेली. आडवी हलते, वर-खाली हलत नाही. दाबली की कोरडा खोकला येतो. आधी कुठेतरी टीबी समजून गोळ्या चालू झाल्या होत्या. सुईच्या तपासणीत स्पिंडल सेल (लांबट, टोकदार पेशी), बाकी काही नाही. नस कापावी लागेल, आवाज जाईल असं ऐकून घरचे घाबरलेत. खरंच कापावी लागते का? संभाजीनगरला पाठवण्याआधी काय करून ठेवू?

उत्तर १ (कान-नाक-घसा)
दाबल्यावर खोकला म्हणजे व्हेगसचा (मेंदूतून मानेवाटे स्वरयंत्र, हृदय, पोटाकडे जाणारा मज्जातंतू) श्वानोमा, म्हणजे नसेच्या आवरणाची साधी गाठ, जवळपास डोळ्यांसमोर. चिरा देऊन तुकडा मात्र कुणालाही काढू देऊ नका. कॅप्सूल (गाठीचं बाहेरचं आवरण) चिकटते, मग नंतर सोलायला पदरच सापडत नाही.

श्वानोमात नसेचे धागे गाठीच्या आतून जात नाहीत, कॅप्सूलवर पसरलेले असतात. म्हणून स्टिम्युलेटरने (हलका विद्युत झटका देऊन नस ओळखणारं उपकरण) धागे शोधायचे, जिथे प्रतिसाद नाही तिथे नसेच्या लांबीला समांतर चीर द्यायची (आडवी कधीच नाही), आणि संत्र्याच्या सालीतून गर काढावा तशी गाठ काढायची. कॅप्सूल जागेवर राहते. रक्त आलं तर बायपोलर कॉटरी (विजेच्या उष्णतेनं रक्त थांबवणारा चिमटा), तेही कमी पॉवरवर. मोनोपोलर (ज्याची उष्णता आजूबाजूला जास्त पसरते) बाजूलाच ठेवा, उष्णतेनंच नस मरते. न्यूरोफायब्रोमात (नसेची दुसऱ्या प्रकारची गाठ) धागे गाठीतच गुंतलेले असतात, तिथे हा हिशेब लागू नाही.

नस अखंड राहिली तरी ओढाताणीनं आवाज काही महिने बसू शकतो, हे आधीच सांगा. आणि ऑपरेशनपूर्वी स्वरतंतू स्कोपने बघून नोंद करा. हे राहून जातं, मग स्वरतंतूची हालचाल आधीच बंद होती की नंतर झाली, यावरून वाद होतो.

उत्तर २ (रेडिओलॉजी)
कॉन्ट्रास्टसह एमआरआय करा. व्हेगसची गाठ कॅरोटिड (मानेतली मोठी धमनी) आणि ज्युगुलर (मोठी शीर) यांच्यामध्ये शिरून दोघींना फाकवते. सिम्पथेटिकची (व्हेगसजवळूनच जाणारी दुसरी नस-साखळी) गाठ दोघींना एकत्रच पुढे ढकलते. कॅरोटिड दुभागते तिथेच गाठ असेल आणि आत रक्तवाहिन्यांचे काळे ठिपके दिसले, तर पॅरागँग्लिओमाचा (रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ) विचार करा. तिथे रक्तस्राव जोरात होतो, त्यामुळे सगळी तयारीच वेगळी लागते.

उत्तर ३ (भूलतज्ज्ञ)
ऑपरेशनमध्ये नसेचं मॉनिटरिंग असेल तर श्वासनलिकेत इलेक्ट्रोडवाली ट्यूब लागते. ट्यूब टाकल्यावर स्नायू शिथिल करणारं औषध पुन्हा देऊ नये, नाहीतर स्टिम्युलेटर गप्प राहतो आणि 'इथे नस नाही' असा गैरसमज होतो. व्हेगस ओढला की नाडी एकदम उतरते. आधी हात थांबवायला सांगा, मग ॲट्रोपिन (नाडी वाढवणारं औषध).

प्रश्नकर्ता
गाठ व्हेगसऐवजी सिम्पथेटिकची निघाली तर?

उत्तर १
त्या बाजूची पापणी उतरते, बाहुली बारीक होते. नजरेवर परिणाम नाही. जास्त त्रास पहिल्या घासाचा: भाकरीचा पहिला तुकडा चावला की कानाखाली सणकन कळ येते, पुढच्या घासांना कमी होत जाते. व्हेगस दुखावला तर पाण्याचाच ठसका लागतो, म्हणून सुरुवातीला पातळ टाळून घट्टसर पेज, आणि गिळताना हनुवटी छातीकडे. नस अखंड असेल तर कायमची थायरोप्लास्टी (स्वरतंतू आत सरकवण्याचं ऑपरेशन) घाईनं करू नका, सहा महिने तरी थांबा. तोवर स्वरतंतूत इंजेक्शन देऊन भागतं.