दाबोळी: प्रवासी विमानं हवीत की अख्खी धावपट्टी नौदलाला?

पेडण्याचा पाहुणा:
राहतो मुंबईत, गाव बांदा. ५ जानेवारी २०२३ला गोव्याचं दुसरं विमानतळ, मोपा, सुरू झालं, तेव्हापासून मी जुन्या दाबोळी विमानतळावर पाऊल ठेवलेलं नाही. सरळच सांगतो, दाबोळीचं प्रवासी टर्मिनल मिटवा आणि तिथल्या नौदलाच्या तळाला, आयएनएस हंसाला, सगळी जागा देऊन टाका. सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेआठच्या सुमारास नौदलाचा सराव सुरू की प्रवासी विमानं थेट दुपारी. मग सगळी एकदम अंगावर! बॅगांच्या पट्ट्याशी तीन विमानांची माणसं एकमेकांच्या पायावर उभी, हे मी भोगलंय. एवढ्याशा राज्याला दोन विमानतळ पोसायची हौस कशाला?

बोगमाळो:
बांदेकरांना मोपा म्हणजे मागचं अंगण. मडगावहून दाबोळी पंचवीसेक किलोमीटर, मोपा साठाच्या वर, आणि वाटेत झुआरी-मांडवी दोन्ही ओलांडायच्या. काणकोणच्या माणसाने पहाटेचं विमान धरायचं तर रात्रीच जेवून निघायचं का? अर्धा दिवस बंद असतं हे खरं. पण मोपा येईपर्यंत गोव्याचं सगळं पर्यटन त्या उरलेल्या वेळेतच उतरत होतं, हिवाळ्यातली रशियन चार्टर विमानं धरून. आणि मिटवायचंच होतं तर २०१३ मध्ये नवं टर्मिनल कशाला उभं केलं?

दर्यावर्दी:
हंसावर काही वर्षं नोकरी केली आहे, म्हणून लिहितो. तिथे जमिनीवरच विमानवाहू जहाजाचा डेक बांधलाय. एका टोकाला वर चढत जाणारा रॅम्प, उतरण्याच्या बाजूला आडव्या तारा. विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्या तारेत अडकला की विमान थोड्याच अंतरात थांबतं. मिग-२९के हे लढाऊ विमान घेऊन विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर उतरायचं तर आधी इथे हात बसवावा लागतो. नौदलासाठीचं तेजस पहिल्यांदा तारेवर थांबलं तेही इथेच, १३ सप्टेंबर २०१९ला. ही सोय उचलून दुसरीकडे नेता येत नाही. २७ डिसेंबर २०१६च्या पहाटे एक प्रवासी विमान धावपट्टीवरून घसरलं, तेव्हा काही तास सगळंच खोळंबलं. धावपट्टी एक आणि संसार दोन. १९६२ पासून जागा नौदलाची, प्रवासी विमानं पाहुणी.

मडगावची माई:
पाहुणं कोण, ते नीट बघूया. पोर्तुगीजांनी दाबोळी १९५५ मध्ये बांधलं ते प्रवासी विमानांसाठी. इथून दमण, दीव, कराचीला विमानं जायची. १८ डिसेंबर १९६१ला आपल्या हवाई दलाने धावपट्टीवर बॉम्ब टाकले, तरी त्यांनी खड्डे कसेबसे बुजवून रात्रीच्या अंधारात दोन प्रवासी विमानं पळवलीच. नौदल आलं ते त्यानंतर. तेव्हा मूळ मालकीच्या गोष्टी नकोत. आणि दर्यावर्दी, सरावाला माझा विरोध नाही हो. पण ऐन सकाळचेच तास का, एवढं तरी विचारू की नको?

दर्यावर्दी:
विचारा की. दुपारनंतर समुद्रावरून वारा चढतो. नव्या पोराला पहिला आकडा अडकवायचा असतो तेव्हा सकाळच बरी. उन्हाळ्यात उजेडाआधी काही सराव उरकता येईल, हे मात्र मान्य.

पेडण्याचा पाहुणा:
इतिहास राहू द्या. जून २०२४ मध्ये कतार एअरवेज दाबोळी सोडून मोपाला गेली. कोणी हाकललं होतं? जिथे चोवीस तास उतरता येतं तिथे कंपनी जाणारच.

बोगमाळो:
माझं दुखणं नेमकं तेच. सरकार म्हणतं दाबोळी बंद होणार नाही, आणि कागदावर होणारही नाही. एकेक विमान निघून जाईल, मग एक दिवस म्हणतील, प्रवासीच नाहीत तर टर्मिनल कशाला? परवा दुपारी तीनला गेलो होतो. टॅक्सीवाले बॉनेटवर पत्ते मांडून बसलेले. पूर्वी या वेळेला पाणी प्यायला फुरसत नसायची. बंदच करायचं असेल तर तसं तोंडावर सांगा, माणसं दुसरा धंदा बघतील. आणि चालू ठेवायचं असेल तर मुख्य विमानं अर्धी तरी इथे उतरतील असं काही ठरवा.

पेडण्याचा पाहुणा:
कंपन्यांना जबरदस्ती? ते काही पटत नाही. पण एक कबूल करतो. सासुरवाडी काणकोण. हा सगळा वाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, पुढच्या चतुर्थीला मोपाचं तिकीट काढलंस तर तू एकटाच जा.