घरात कुणाला बॉर्डरलाइन आहे? तुमचे अनुभव लिहा

धाकट्या बहिणीला दोन वर्षांपूर्वी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना आणि नाती सारखी टोकाला जातात असा मानसिक आजार) असं निदान झालं. त्याआधी आम्ही सगळे, म्हणजे मीपण, "नाटकं करते" हेच म्हणायचो. सकाळी "ताई तूच माझं सगळं" आणि दुपारी फोन उचलला नाही की "तुला मी नकोच आहे, ब्लॉक करते". सोडून जातील ही भीती 9 लक्षणांपैकी एक, 5 जुळली तर निदान होतं, असं डॉक्टर म्हणाल्या. पेशंटला शिव्या नकोत, पण स्वतःची दमछाक मोकळेपणी लिहा.

~

माझी बायको. आधी बायपोलर म्हणून तीन वर्षं गोळ्या चालल्या, मग दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं मूड किती वेळ टिकतो, म्हटलं अहो चहा गार होईपर्यंतसुद्धा नाही, तेव्हा कुठे हे बॉर्डरलाइन आहे हे कळलं आणि गाडी रुळावर आली. मधल्या काळात सासूबाईंनी दृष्ट काढून घेतली, ते वेगळंच. बॉर्डरलाइनवर अशी खास गोळी नाही, खरं काम थेरपीचंच, आणि दर आठवड्याची फी... असो.

~

मुलगा 22 वर्षांचा. मे महिन्यात फुल शर्ट घालायला लागला तेव्हा लक्षात यायला हवं होतं मला. आता डीबीटी (भावना आवरायला शिकवणारी थेरपी) चालू आहे. ती थेरपी काढणाऱ्या मार्शा लिनेहान बाईंनी 2011 मधे जाहीर सांगितलं की त्यासुद्धा तरुणपणी स्वतःला इजा करायच्या, हे कळल्यावर लेक पहिल्यांदा म्हणाला, "मग माझंपण होईल." फार भडकला की बर्फाच्या पाण्याने तोंड धुतो, त्यामुळे आमच्याकडे बर्फाचे ट्रे कायम भरलेले. टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) 14416 नंबर फ्रीजवर चिकटवलाय, रात्री दोनला एकदा उपयोगी पडला.

~

आईला निदान वगैरे काही नाही, त्यामुळे नक्की सांगू शकत नाही. पण शाळेतून आल्यावर चप्पल काढायच्या आधी मी भांड्यांचा आवाज ऐकायचे. अजूनही सासरी कुणी झाकण जोरात ठेवलं की पोटात गोळा येतो.

~

मी स्वतः पेशंट. नंतर आपल्यालाच इतकी लाज वाटते की सॉरी म्हणायला तोंड राहत नाही, आणि मग त्या लाजेचाच पुढचा भडका. घरच्यांनी "शांत हो" नका म्हणू. "त्रास होतोय ना" एवढं पुरतं.

~

हे वरचं बहिणीला वाचून दाखवलं. "ही बाई माझ्या डोक्यात राहते का?" म्हणाली. काल मीटिंगमधे तिचा फोन आला, "चारला करते" असं टाकलं आणि चारला केला. ब्लॉक नव्हतं केलेलं.