कुळांचा हक्क १९४८ च्याही आधीचा

वर एकांनी लिहिलं आहे की १९४८ च्या कूळ कायद्याआधी कुळाला, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंड (भाडं) देऊन कसणाऱ्याला, कोर्टात उभं राहायला जागाच नव्हती. हे मला पटत नाही. मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्यातलं कलम ८३ पाहा. कुळाची वहिवाट, म्हणजे जमीन कसत आल्याचा ताबा, इतकी जुनी की ती कधी सुरू झाली याचा पुरावाच मिळत नाही, तर मालकाचा हक्क असेतोवर कुळाचाही टिकतो, असं कोर्टानं गृहीत धरायचं. आपल्या नाशिक-त्र्यंबककडच्या इनाम जमिनींवर पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्यांसाठी हे कलम मोलाचं होतं.

पण इथेच मेख होती. नवी कबुलायत (खंडाच्या अटी मान्य केल्याचा कागद) लिहून अंगठा दिला, की वहिवाटीची सुरुवात कागदावर आली आणि जुनेपणाचा दावा लंगडा पडला. खंड धान्यात, पावती नाही. सिद्ध काय करणार? बंगालची गोष्ट वेगळी. तिथं १८५९ च्या कायद्यानं बारा वर्षं जमीन कसणाऱ्याला कब्जाचा, म्हणजे ती जमीन कसत राहण्याचा, हक्क दिला होता, आणि १८६५ साली खंडवाढीच्या खटल्यात पंधरा न्यायाधीश बसले, त्यातल्या चौदांनी रयतेच्या बाजूनं कौल दिला.

म्हणून घरात जुनी कबुलायत किंवा खंडाची पावती असेल, तर कृपा करून रद्दीत टाकू नका.