चुंबकी नेलपॉलिश: रेघ उमटते, पण वाळेपर्यंत पुसट होते

मोरपंखी:
साधी चुंबकी नेलपॉलिश (जेल नाही) घरी लावायला घेतली आहे. गडद हिरवी, कॅट आय म्हणतात ती. सोबत बोटभर चुंबकाची कांडी आहे. सूचना एवढीच: दोन कोट द्या आणि चुंबक धरा. चुंबक धरला की नखावर छान तिरपी रेघ येते, पण काढल्यावर मिनिटाभरात ती पसरते आणि सगळं नख धुरकट दिसतं. अंगठ्यावर त्यातल्या त्यात बरी, करंगळीवर काहीच नाही. टॉप कोट दिला की उरलीसुरलीही जाते. नेमकं काय चुकतंय? चुंबक किती वेळ आणि किती अंतरावर धरायचा?

कुंचला:
वर्णनावरून थर पातळ पडतोय आणि चुंबक लवकर काढला जातोय.

आधी बाटली बघा. लोहकण जड असल्यामुळे तळाशी बसतात. बाटली दोन तळहातांत धरून रवी घुसळतो तशी मिनिटभर फिरवा. जोरात वरखाली हलवली तर हवा शिरते आणि नखावर बुडबुडे येतात. बाटली उलटी करून तळ बघा, राखाडी थर दिसला तर अजून फिरवा. तो थर तसाच राहिला तर ब्रशवर येणाऱ्या पॉलिशमध्ये कण पुरेसे नसतात, मग चुंबक कितीही धरा, रेघ फिकीच येणार.

बेस कोट, मग पहिला कोट पातळ, त्यावर चुंबक धरायचा नाही. तीन-चार मिनिटं वाळू द्या. दुसरा कोट भरपूर आणि एका वेळी एकाच नखावर. ब्रशची एकच बाजू बाटलीच्या तोंडाला पुसायची, दुसऱ्या बाजूला थेंब राहू द्यायचा. तो क्युटिकलपासून (नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीपासून) जरा पुढे टेकवून दोन-तीन फटक्यांत पसरवा. नख रंगवून झालं की लगेच, पाच सेकंदांच्या आत, कांडी २ ते ३ मिमीवर आणा आणि २० ते ३० सेकंद अजिबात न हलवता धरा. दोन्ही मनगटं टेबलावर टेकलेली हवीत, अधांतरी हात थरथरतो आणि रेघ फाटते. मग अर्धा मिनिट थांबून त्याच जागी, त्याच कोनात आणखी १५ सेकंद. ही दुसरी फेरी बहुतेक जण गाळतात आणि रेघ तिथेच जाते.

ओळीने बोटं करू नका. जोरदार चुंबक शेजारच्या ओल्या नखावरचे कणही ओढतो. अंगठा, मधलं बोट, करंगळी आधी. तर्जनी आणि अनामिका नंतर.

करंगळीचं नख अरुंद आणि जास्त गोलाकार. पॉलिश कडांकडे ओघळते, मध्ये थर उरत नाही. तिथे थेंब लहान घ्या, बोट आडवं सपाट ठेवा आणि कांडीची लांब बाजू न धरता टोक धरा.

द्रावण:
वरचं बरोबर आहे, कारण सांगते म्हणजे वेळेचा अंदाज तुमचा तुम्हाला घेता येईल.

रेघेच्या जागी कण गोळा होतात असं वाटतं, पण मुख्यतः ते जागच्या जागी वळतात. कण चपटे असतात आणि चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत वळतात. जिथे ते नखावर आडवे झोपतात तिथे उजेड परतून चमक दिसते. जिथे कडेवर उभे राहतात तिथून खालचा गडद रंग दिसतो. चुंबक काढला की त्यांना त्या स्थितीत धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पॉलिशचा घट्टपणा. इथाइल अ‍ॅसिटेट, ब्युटाइल अ‍ॅसिटेट ही द्रावकं उडतील तसा तो वाढतो. पॉलिश पातळ असताना चुंबक काढला तर कण पुन्हा वाटेल तसे फिरतात, तेच तुमचं धुरकट नख.

म्हणून ३० सेकंद हा आकडा हवामानावर अवलंबून आहे. विदर्भातल्या मे महिन्यात पॉलिश इतक्या लवकर घट्ट होते की चुंबक आणेपर्यंत वरती साय आलेली असते. तिथे खोली गार करून बसा. कोकणात पावसाळ्यात उलट: वाळायला वेळ लागतो, शिवाय द्रावक उडताना थर गार होऊन हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि पांढुरकी झाक येते. पंखा थेट हातावर घेऊ नका. वरची साय आधी धरते, आतलं ओलं राहतं आणि सुरकुत्या पडतात.

थराबद्दल थोडी दुरुस्ती. भरपूर म्हणजे फुगीर नव्हे. फार जाड थर वरून वाळलेला वाटला तरी आत तासभर मऊ राहतो आणि रात्री चादरीचे वळ उमटतात. बाटलीच घट्ट झाली असेल तर नेलपॉलिश थिनरचे दोन-तीन थेंब घाला. रिमूव्हर किंवा अ‍ॅसिटोन ओतू नका, पॉलिश दाणेदार होते.

टॉप कोटमधलं द्रावक वरचा थर पुन्हा विरघळवतं आणि ब्रश कण ओढत नेतो. १० ते १५ मिनिटं थांबा, ब्रशवर मोठा थेंब घ्या आणि ब्रशचे केस नखाला न टेकता थेंब पुढे सरकवा. लगेच पूर्वीच्याच कोनात १० सेकंद चुंबक धरा, विस्कटलेली रेघ परत जुळते. पाण्यावर आधारित टॉप कोट मिळाला तर आधी तो, त्यावर नेहमीचा चकचकीत.

मोरपंखी:
दुसरी फेरी आणि टॉप कोटनंतरचा चुंबक, दोन्ही करत नव्हते. आणखी विचारते: खाली काळा कोट द्यावा का? आणि सगळं नख मखमलीसारखं चमकतं, तो प्रकार याच कांडीने होतो का? फ्रिजवरचा चुंबक चालेल?

नेलटेबल:
काळा कोट सरसकट नाही. पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर पॉलिशचा एक कोट वाळवून वर्तमानपत्रावर ठेवा. खालची अक्षरं वाचता आली तर काळ्यावर रेघ खोल दिसेल. अक्षरं झाकली गेली तर काळ्याचा फायदा शून्य, उगाच एक थर वाढतो.

मखमलीसाठी चुंबक नखाच्या वर धरायचाच नाही. नखाच्या पातळीत, बाजूने आणायचा: डावीकडून, उजवीकडून, टोकाकडून, प्रत्येकी पाच-सात सेकंद, अशा दोन-तीन फेऱ्या. दोन सारख्या कांड्या असतील तर त्याहून चांगलं. एकमेकींना ओढणाऱ्या बाजू समोरासमोर ठेवून बोट मध्ये घ्या आणि ३० सेकंद धरा. क्षेत्र नखाच्या पृष्ठभागाला समांतर जातं, बहुतेक कण आडवे होतात आणि नख एकसंध उजळतं. कांड्या हातात घट्ट धरा, नाहीतर बोटाची चामडी चिमटेल, निओडायमियमचे (जोरदार प्रकारचे) चुंबक झटक्यात जुळतात.

फ्रिजवरचा रबरासारखा चपटा चुंबक वेगळं काम करतो. त्यात उत्तर-दक्षिण ध्रुवांच्या पट्ट्या आलटून पालटून असतात, म्हणून नखावर बारीक समांतर रेघा येतात. ताकद मात्र कमी, १ मिमीच्या आसपास धरावा लागतो. चुकून टेकलाच तर नख पुसून पुन्हा करा, तिथे दुरुस्ती होत नाही.

जेलवाल्यांसाठी: जेल हवेने वाळत नाही, यूव्ही दिव्याच्या उजेडात घट्ट होतं, म्हणजे दिवा लागेपर्यंत रेघ पसरतच असते. एकेक नख करा, दिव्याच्या तोंडापर्यंत चुंबक धरून न्या, लगेच पाच-दहा सेकंद उजेड द्या. पाचही झाली की दिव्यावर लिहिलेला पूर्ण वेळ. साधी पॉलिश त्या दिव्यात घट्ट होत नाही, प्रयत्न करू नका. आणि जेल कातडीला लागलं तर उजेड देण्याआधीच काडीने काढा. त्यातल्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते, आणि दातांच्या काही उपचारांतही तेच रसायनांचं कुटुंब असतं.

कुंचला:
काढण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. घासू नका, लोहकण नखावर ओरखडे काढतात आणि कडेच्या खोबणीत अडकतात. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखापुरता, वर फॉइल, चार-पाच मिनिटं. मग क्युटिकलकडून टोकाकडे एकाच ओढीत पुसा.

द्रावण:
एमआरआय असेल तर आधी ही पॉलिश काढाच आणि तपासणीआधी तिथल्या तंत्रज्ञाला सांगा. लोह असल्यामुळे प्रतिमा बिघडू शकते. घरात कोणाला पेसमेकर असेल तर कांडी त्यांच्या छातीपासून किमान १५ सेंमी लांब. लहान मुलं असतील तर कुलपात ठेवा: दोन चुंबक गिळले तर आतडं मध्ये चिमटून भोक पडू शकतं, तशी शंका आली तर वाट न बघता दवाखाना गाठा.

मोरपंखी:
कांडी आणि बाटली आत्तापर्यंत एकाच डबीत होत्या. त्याने काही होतं का?

कुंचला:
होतं. कण बाटलीच्या एकाच भिंतीला ओढले जाऊन गोळा होतात आणि नंतर फिरवूनही नीट मिसळत नाहीत. बाटली उजेडात धरून एका बाजूला गडद पट्टा दिसतो का बघा. असेल तर कांडी दुसऱ्या कपाटात ठेवा, बाटली दिवसभर आडवी, अधूनमधून वळवत राहा, मग प्लास्टिकवर एक फटका मारून कण येतायत का ते तपासा.